बेकिंग शुक्रवारवर ढकलू नका

मा. संपादक,
स. न.

झिंक प्लेटिंग केलेला, म्हणजे टाकीत विजेच्या करंटनं जस्ताचा थर चढवलेला, १२.९ या अति-मजबूत ग्रेडचा बोल्ट आज नीट आवळला जातो आणि उद्या त्याचं डोकं तुटून पडतं. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात अशा वेळी खापर बहुधा आवळणाऱ्यावर फुटतं. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, तपासला जातो, प्लेटिंगच्या नोंदी कोणी मागत नाही.

आम्लातल्या पिकलिंगमध्ये, म्हणजे गंज-पापुद्रा काढणाऱ्या धुलाईत, आणि पुढे प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात. बोल्ट ताणाखाली आला की ते डोक्याखालच्या गोलाईत किंवा नटाजवळच्या पहिल्या आट्यात सरकत जाऊन साचतात आणि तिथे तडा सुरू होतो. या सरकण्याला तास लागतात. म्हणूनच काही मिनिटांत उरकणाऱ्या टेन्साइल टेस्टमध्ये (ओढून तोडण्याच्या चाचणीत) तोच बोल्ट सहज पास होतो. त्या सर्टिफिकेटवर विसंबू नये. नमुन्याचे बोल्ट आवळून किमान ४८ तास ताणाखाली ठेवावेत.

उपाय जुनाच आहे: १९० ते २२० अंश सेल्सिअसला ८ ते २४ तास बेकिंग, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून हायड्रोजन घालवणं, तेही टाकीतून माल निघाल्यापासून ४ तासांच्या आत. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. बुधवारी संध्याकाळी प्लेटिंग झालेला लॉट गुरुवारच्या सुट्टीत क्रेटमध्ये पडून राहतो आणि शुक्रवारी ओव्हनमध्ये जातो. तोवर कुठे बारीक तडा गेला असेल, तर कितीही तास भाजून तो सांधत नाही. बुधवारी रात्री ओव्हन चालणार नसेल, तर त्या संध्याकाळी असा माल टाकीत सोडूच नये.

तास मोजायचे ते ढिगाच्या मधला बोल्ट तापमानाला आल्यापासून. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) तिथेच हवा. पॅसिव्हेशन, म्हणजे जस्तावरचा संरक्षक रासायनिक थर, बेकिंगनंतर करावं, आधी केल्यास तो थर उष्णतेनं खराब होतो. कमी कठीण अशा ८.८ ग्रेडला हे काहीच लागत नाही, तिथे वीज जाळू नये. रॉकवेल सी या कठीणपणाच्या मापावर ३९च्या वर असलेल्या मालाला मात्र सूट नको. केस हार्डनिंग केलेले (फक्त पृष्ठभाग कठीण केलेले) स्क्रूही त्यातच धरावेत.

खरेदी विभागांना विनंती, ऑर्डरवर नुसतं ‘बेकिंगसह’ लिहू नका. तापमान, तास आणि प्लेटिंग ते बेकिंग यांमधला कमाल वेळ लिहा, ओव्हनच्या तापमानाचा चार्ट मागा आणि त्या तासांचे पैसेही द्या. १२.९ साठी शक्य असेल तिथे शॉट ब्लास्टिंग करून (बारीक छर्ऱ्यांच्या माऱ्यानं साफ करून) झिंक फ्लेकचं, म्हणजे जस्ताच्या पापुद्र्यांचं, कोटिंग घ्या. त्यात आम्लही नाही आणि टाकीतला करंटही नाही.

– प्लेटिंग व हीट ट्रीटमेंट क्षेत्रातील दोन अभियंते, भोसरी, पुणे