वर्षाची सरासरी नको, तासाचा हिशेब द्या: वीज कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
मुख्य अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: दुपारी वाढणारा दाब, हरित योजनेचा दावा, खंडित पुरवठ्याची नोंद आणि बिलातील इंधन आकार

महोदय,

स.न.वि.वि.

आपली वीज कमी कार्बनची, परवडणारी आणि भरवशाची असल्याचे तीन दावे वार्षिक अहवालात एकाच पानावर आहेत. तिन्हींचा आधार वर्षाची सरासरी. ग्राहकाला वीज लागते ती ठरावीक घटकेला, आणि आमच्या सगळ्या तक्रारीही त्या घटकेच्याच आहेत.

सर्वांत निकडीचा प्रश्न छतावरच्या सौर संचांचा. भर दुपारी ऊन कडक असताना त्यांचे इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या आणि जाळ्याच्या विजेत बदलणारी यंत्रे) बंद पडतात, काही मिनिटांनी सुरू होतात आणि पुन्हा बंद पडतात. तक्रार नोंदवली की आपल्या केंद्राचे उत्तर ठरलेले: इन्व्हर्टर सदोष आहे, बसवणाऱ्याला विचारा. पडद्यावर मात्र कारण लिहिलेले असते, ग्रिडचा दाब (व्होल्टेज) जास्त. २३० व्होल्टच्या पुरवठ्याला १० टक्क्यांची वरची मर्यादा धरली तर ती २५३ व्होल्ट होते. ५ किलोवॉटचा संच पूर्ण क्षमतेने वीज बाहेर सोडतो तेव्हा सुमारे २२ अँपिअर प्रवाह घरातून खांबाकडे वाहतो. त्या तारेचा रोध फेज आणि न्यूट्रल मिळून अर्धा ओहम असेल, तर घरातला दाब खांबापेक्षा ११ व्होल्टने चढतो. खांबावर आधीच २४५ असतील तर घरात २५६. अशा वेळी बंद पडणे हेच इन्व्हर्टरचे काम आहे आणि तो ते चोख करतो.

खांबावर २४५ का, याचे कारण बहुधा जुने असते. संध्याकाळी भार वाढला की वाहिनीच्या शेवटच्या घरात दिवे मंद व्हायचे, म्हणून कधीतरी रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप, म्हणजे बाहेर पडणारा दाब ठरवणारा जोड, बदलून दाब चढवलेला असतो. तेव्हा ते बरोबरच होते. आता दुपारी वीज उलटी येते आणि तोच टॅप नडतो. बऱ्याच रोहित्रांवर टॅपची एक पायरी २.५ टक्क्यांची, म्हणजे पावणेसहा व्होल्टची असते. एक पायरी खाली आणली की वरच्या उदाहरणातले २५६ सुमारे २५० वर येतात. पण हे टॅप पुरवठा बंद करूनच फिरवता येतात, दुपारी एका पायरीवर आणि रात्री दुसऱ्या पायरीवर असे ठेवता येत नाहीत. म्हणून आधी मोजमाप हवे. वाहिनीच्या सुरुवातीला आणि शेवटी नोंदयंत्र लावून ७ दिवस १० मिनिटांच्या सरासरीने दाब नोंदवा. दुपारचा उच्चांक आणि संध्याकाळचा नीचांक दोन्ही हातात येतील. शेवटच्या घरात संध्याकाळी २२० मिळत असतील तर पायरी खुशाल उतरवा. तिथे २१० च असतील तर पायरी उतरवताच २०७ ची (२३० च्या १० टक्के खालची) मर्यादा मोडेल. मग आधी फेज (वाहिनीतल्या तीन वीजतारांपैकी कोणत्या तारेवर कोणते घर) तपासा. सगळे सौर संच एकाच फेजवर लागलेले असणे ही सर्रास आढळणारी चूक आहे आणि तिची दुरुस्ती स्वस्तात होते. त्यानंतर जाड तार, आणि सगळ्यात शेवटी चालू भारावर टॅप बदलणारे रोहित्र. इन्व्हर्टरची रिअॅक्टिव्ह पॉवरची (प्रत्यक्ष काम न करणाऱ्या, पण दाबावर परिणाम करणाऱ्या विजेची) सेटिंग बदलूनही थोडा फरक पडतो, पण कमी दाबाच्या वाहिनीत रोधाचाच वाटा मोठा असल्याने त्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

एक अपवाद सांगायलाच हवा. एका घरात दाब चढलेला आणि त्याच वेळी दुसऱ्या फेजवरच्या घरात पडलेला दिसला, तर दोष टॅपचा नसतो. न्यूट्रल, म्हणजे सगळ्या फेजची सामाईक परतीची तार, सैल झालेली किंवा तुटलेली असते आणि दाब ४०० च्या दिशेने जाऊ शकतो. तिथे ७ दिवसांची नोंद घेत बसू नका, त्याच दिवशी माणूस पाठवा. आपल्या तक्रार केंद्राच्या प्रश्नावलीत 'शेजारच्या घरात काय दिसते?' हा प्रश्नच नाही.

हे प्रकरण ग्राहकाच्या घरापुरते मानू नये. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमधला पुरवठा कोसळला तो दाब चढत जाऊन वीजनिर्मितीचे संच एकामागून एक जाळ्यापासून सुटल्यामुळे. तिथला बिघाड उच्च दाबाच्या जाळ्यातला होता, वाहिनी आमची छोटी. पण दाबावर नजर ठेवणे ही कंपनीची जबाबदारी दोन्हीकडे सारखीच. शिवाय ४ किलोवॉट देत असलेला संच ३ तास बंद राहिला तर १२ युनिट बुडतात. ती भरपाई कोळशाच्या विजेने झाली, तर आयपीसीसीने (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीने) २०१४ साली दिलेल्या ८२० ग्रॅम प्रति युनिट या मध्यम अंदाजाने जवळपास १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्वच्छ वीज वाया घालवायची आणि अहवालात हरित टक्केवारी छापायची, हे एकत्र शोभत नाही.

आता हरित योजना. माहितीपत्रक '१०० टक्के हरित' म्हणते. प्रत्यक्षात ग्राहकाने वर्षभरात वापरलेल्या युनिटांइतकी प्रमाणपत्रे (तेवढी हरित वीज कुठेतरी तयार झाल्याचे दाखले) आपण घेता, आणि एक प्रमाणपत्र म्हणजे १,००० युनिट. दुपारच्या उन्हाचे प्रमाणपत्र रात्रीच्या वापरावर चिकटवले तरी वर्षाची बेरीज जुळते. रात्री ११ वाजता जाळ्यात काय होते, हे त्यातून कळत नाही. ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार अशा विजेचे उत्सर्जन दोन पद्धतींनी दाखवायचे असते: जाळ्याच्या स्थानिक सरासरीने आणि करार-प्रमाणपत्रांच्या हिशेबाने. आपण दुसरा आकडाच छापता, कारण तो शून्य येतो. नव्या प्रकल्पांच्या जाहिराती मेगावॉटमध्ये असतात तीही अशीच सोय. १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प २० टक्के क्षमतेने चालला तर वर्षाला सुमारे १७.५ कोटी युनिट देतो, म्हणजे सरासरी २० मेगावॉट, आणि रात्री काहीच नाही.

याच ग्राहकांच्या बिलात हरित अधिभार आहे आणि इंधन समायोजन आकारही (इंधनाचा खर्च बदलला की बिलात धरली जाणारी रक्कम) आहे. सूर्याला आणि वाऱ्याला इंधन लागत नाही, मग हा आकार कशाचा? रात्रीची वीज कोळशा-वायूची असते म्हणून, असे आपले उत्तर असेल तर ते आम्हाला मान्य आहे. पण मग तेच माहितीपत्रकावर छापा. आकाराबरोबर महिना, खरेदी केलेली युनिटे आणि काढण्याचे सूत्र द्या. नुसती रक्कम तपासता येत नाही. रीडिंग उशिरा घेतल्यास दरांचे टप्पेही दिवसांप्रमाणे वाढवा. ३० दिवसांना १०० युनिटांचा टप्पा असेल तर ३७ दिवसांच्या बिलाला तो १२३ चा हवा, नाहीतर आपल्या उशिराचा दंड ग्राहक भरतो.

भरवशाबद्दल थोडक्यात. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १३६६ या मानकाप्रमाणे ५ मिनिटांपर्यंतचा खंड, वर्षभरात वीज गेलेली मिनिटे मोजणाऱ्या निर्देशांकात धरला जात नाही आणि मोठ्या आपत्तीचे दिवस वेगळे काढता येतात. त्यामुळे रिक्लोजरने (बिघाडात वीज तोडून लगेच पुन्हा जोडणाऱ्या स्वयंचलित स्विचने) दिवसातून ६ वेळा लाइट घालवली तरी निर्देशांक स्वच्छ राहतो. लिफ्ट, पंप, घरच्या घरी चालणारे ऑक्सिजन यंत्र यांना मात्र ते ६ धक्के बसतात. क्षणिक खंडांची संख्या आणि वगळलेले दिवस फीडरनिहाय (प्रत्येक वीजवाहिनीसाठी वेगळे) प्रसिद्ध करा.

दुपारी इन्व्हर्टर बंद पडल्याच्या प्रलंबित तक्रारींवर ७ दिवसांत नोंदयंत्रे बसवावीत आणि नोंदी ग्राहकाला द्याव्यात. हरित योजनेचा तासागणिक हिशेब आणि इंधन आकाराचे सूत्र ३० दिवसांत मिळावे. नोंद हाती येईपर्यंत 'ग्राहकाच्या उपकरणात दोष' असा शेरा मारून एकही तक्रार बंद करू नये.

कळावे,

आपले,
हरित योजनेचे ग्राहक

सोबत: १० मिनिटांच्या दाबनोंदीचा कोरा तक्ता, दोन प्रती