पावसात गुदमरलेल्या सोनचाफ्याविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र आजच हाती पडले. अंगणात पाणी तुंबल्यापासून सोनचाफ्याने मान टाकली असून पाने पिवळी पडून गळत आहेत, आणि कोणी पाणी घाल म्हणतो तर कोणी खत, हे वाचून लगेच लिहायला बसलो. कृपा करून यांपैकी काहीही घालू नकोस. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. ती सडतात, आणि सडक्या मुळांना पाणी ओढता येत नसल्याने चिखलात उभे असलेले झाडही तहानेल्यासारखे दिसते. कोकणातल्या जांभ्या जमिनीत पाणी झिरपून जाते, म्हणून धो धो पावसातही तिथला चाफा तग धरतो. तुझ्याकडची काळी माती मात्र फुगून पाणी धरून ठेवते.

तेव्हा आधी चर खणून पाण्याला उताराकडे वाट करून दे. चर फांद्यांच्या घेराबाहेरूनच काढ, कारण चाफ्याची मुळे मांसल आणि ठिसूळ असतात, आणि बुंध्याजवळ कुदळ चालली तर शाबूत राहिलेली मुळेही तुटतील. बुंध्याशी साचलेला गाळ हातानेच बाजूला कर, कलमाचा सांधा मोकळा राहू दे, आणि एखादे बारीक मूळ चिमटीत धरून ओढून पाहा. निरोगी मूळ पांढरट व घट्ट लागते. सडलेल्याची साल बोटांत निसटून येते, आत नुसता दोरा उरतो आणि कुबट वास येतो.

बुंध्याची साल कुठे काळपट, मऊ झाली असेल तर तेवढाच भाग निरोगी सालीपर्यंत खरवडून त्यावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लाव. 100 ग्रॅम मोरचूद (तांब्याचे निळे क्षार) आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत कालव, चुना निवू दे, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळ. त्यात घासलेला विळा क्षणभर बुडव. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून थोडी चुन्याची निवळी वाढव. पेस्ट त्याच दिवशी वापर. ट्रायकोडर्मा, म्हणजे मुळे सडवणाऱ्या बुरशीला आवरणारी बुरशी, मातीत घालायचा असेल तर नंतर, पुरेसे अंतर ठेवून घाल, कारण मोरचुदातल्या तांब्यामुळे ती उपयोगी बुरशीही मरते.

यापुढचे काम धीराचे आहे, आणि मला काळजी वाटते ती याच टप्प्याची. पाने गळाली म्हणून काकूंनी लावलेले झाड कोणाच्या सांगण्यावरून तोडू नकोस. काटकीची साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवे दिसते आहे तोवर फांदी जिवंत आहे. पूर्ण वाळलेल्या काटक्या तेवढ्या छाट, आणि नवी पालवी धरून स्थिरावेपर्यंत खताचा विचारही मनात आणू नकोस. सांध्याच्या खालून फुटवे आले तर मात्र काढून टाक, कारण ते चाफ्याचे नसून ज्यावर कलम बांधले त्या खुंटाचे असतात.

मोरचूद तिकडे मिळत नसेल तर कळव, मी घेऊन येतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
स्नेही मित्र