डार्बीचं वय

कॉर्क,
१६ नोव्हेंबर

प्रिय सुमे,

तुझ्या तीन लांबलचक मेसेजांना मी नुसता अंगठा पाठवला. त्याबद्दल आधी मनसोक्त शिव्या दे आणि मग पुढे वाच. गेले चार महिने माझं डोकं एका माणसाने व्यापलंय आणि तो माणूस जाऊन शंभर वर्षं होत आली. डार्बी सलिव्हन त्याचं नाव. माझ्या सासूबाईंचे आजोबा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा आईकडून पणजोबा.

सासूबाई (समोर त्यांना मी नावाने हाक मारते. इथे आयर्लंडमध्ये तीच रीत आहे, पण पत्रात नाव लिहायला अजून हात धजत नाही) आता ८२ वर्षांच्या आहेत. त्या बेअरा द्वीपकल्पात राहतात, आमच्या घरापासून गाडीने जवळजवळ तीन तास. पाऊस, मेंढ्या आणि समुद्र, बाकी फार काही नाही. त्यांच्या आजोबांची एक गोष्ट त्या दर नाताळात सांगतात. ६ जानेवारी १८३९च्या रात्री आयर्लंडवर भयंकर वादळ आलं. अजूनही त्याला नुसतं ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ म्हणतात. छपरं उडाली, गंज्या उधळल्या. त्या रात्री चिमुकला डार्बी चुलीपुढे बसून स्वतःच्या हाताने बटाटा खात होता आणि डोक्यावरचं छप्पर गेलं तरी त्याने बटाटा सोडला नाही. घरातल्या सगळ्यांना हे पाठ आहे. माझ्या मुलीलासुद्धा.

यंदा जुलैत त्या म्हणाल्या, “तू कॉम्प्युटरवाली आहेस ना, माझ्या आजोबांची जन्मनोंद शोधून दे.” मला वाटलं, रविवारची एक दुपार पुरेल.

सुमे, या देशात पूर्वज शोधणं म्हणजे जळालेल्या घरात सुई शोधणं. १९२२ साली यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधला सरकारी दफ्तरखाना उडाला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार जनगणना बहुतेक तिथेच खाक झाल्या. नंतरच्या तरी उरल्या असतील म्हणशील, तर १८६१ आणि १८७१च्या सरकारनेच नष्ट करून टाकल्या आणि १८८१, १८९१च्या पहिल्या महायुद्धात रद्दीत गेल्या. महायुद्धाआधीच्या अख्ख्या हाती लागतात त्या १९०१ आणि १९११च्याच. जन्ममृत्यूची सरकारी नोंद सर्वांसाठी सुरू झाली १८६४ला. त्याआधीचा माणूस हवा असेल तर चर्चच्या दारात जायचं. गंमत म्हणजे प्रोटेस्टंट चर्चची कितीतरी पुस्तकं सुरक्षित राहावीत म्हणून त्याच दफ्तरखान्यात नेऊन ठेवली होती, ती जळाली. कॅथलिक पाद्र्यांची पुस्तकं आपापल्या पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या) कपाटात धूळ खात पडली होती, ती वाचली. त्यांच्या मायक्रोफिल्म राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली इंटरनेटवर टाकल्या. पावणेचार लाखांच्या आसपास पानं, सगळी फुकट. रात्री मुलगी झोपली की मी ती उघडून बसायचे.

पहिले दोन आठवडे मी चुकीच्या जागी शोधत होते. बेअरा कॉर्क जिल्ह्यात, म्हणून मी कॉर्कच्या धर्मप्रांताची पानं उलटत बसले. बेअरा धर्मप्रांताच्या हिशेबात केरीत येतं, हे मला कोण सांगणार? इथे एकाच घराचे पत्ते तरी किती! आधी टाउनलँड, म्हणजे आपली वाडी समज. अशा देशभरात साठ हजारांवर आहेत. मग सरकारी पॅरिश, मग चर्चची पॅरिश (नाव वेगळं, हद्दही वेगळी), मग बॅरनी (जिल्ह्याचा जुना भाग), मग जिल्हा. डार्बीची चर्चची पॅरिश अ‍ॅलिहीज आणि सरकारी पॅरिश किलनामानाह. वाडीचं नाव लिहीत नाही. मला ते अजून नीट उच्चारता येत नाही आणि सासूबाई दर वेळी हसतात.

मग आडनावाचा घोळ. तिथे अर्धं गाव सलिव्हन आणि उरलेलं हॅरिंग्टन. सलिव्हनच्या मुलीने हॅरिंग्टनशी लग्न करायचं आणि हॅरिंग्टनच्या मुलीने सलिव्हनशी. डार्बी सलिव्हन तर मला दहा-बारा सापडले. म्हणून तिथे आडनावापेक्षा टोपणनाव खरं. लाल केसांचे ते ‘रुआ’, गोरे ते ‘बॉन’, लोहाराचे ते ‘गाऊ’. सासूबाईंचं माहेर रुआ सलिव्हनांचं. त्यांचे केस आता पांढरेशुभ्र आहेत, पण माझ्या मुलीचे उन्हात जे तांबूस दिसतात ते तिथूनच आलेत, असं त्यांचं ठाम मत आहे. आमच्या आत्यालाही तसेच केस होते हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

या ‘रुआ’नेच वाट दाखवली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या साहेबाने कर बसवण्यासाठी अख्ख्या आयर्लंडच्या जमिनीचं मोल ठरवलं. ती यादी पाहिलीस तर तुला आपला सातबाराच आठवेल. कसणारा कोण, जमीन कुणाकडून घेतली, किती, आकारणी किती. कसणारे सगळे कूळ, मालक भलताच कुणी. एका वाडीत एकाच नावाचे दोघं असले की कारकुनाने कंसात टोपणनाव टाकलंय. तिथे मला थेडी सलिव्हन (रुआ) भेटला, डार्बीचा बाप. पुढच्या वह्यांत कूळ बदललं की जुनं नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईने नवं लिहिलंय. तुझ्या बाबांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, “हा तर फेरफार!”

बाप सापडला, आता पोरगा. पण पाद्रीबाबांच्या वहीत डार्बी नावाचं कुणी नाहीच! घरात बोलायचे आयरिश, तिथे तो डिअर्मिड. इंग्रजीत त्याचा झाला डार्बी. सभ्य इंग्रजीत जेरेमाया. आणि पाद्री लिहिणार लॅटिनमध्ये, तिथे जेरेमियास. तेही वाक्यात विभक्ती लावून, म्हणजे ‘जेरेमियासला बाप्तिस्मा दिला’ म्हणून जेरेमिअम. कुलकर्णीबाईंनी छड्या मारून घोकून घेतलेली द्वितीया इतक्या वर्षांनी अशी कामाला आली बघ. बाप थेडी तिथे थाडेउस झालाय. नोरा असेल तर ऑनोरिया. या भागात फ्लॉरेन्स नावाचे दाढीमिशावाले पुरुषसुद्धा आहेत, ते आयरिश फिनीनचं भाषांतर म्हणे. एकाच माणसाला जन्मभर चार नावं आणि यातलं एकही त्याने स्वतः लिहिलेलं नाही, कारण १९०१च्या जनगणनेत त्याच्यापुढे ‘वाचता येत नाही’ असं आहे. फॉर्म पोलिसाने भरलाय.

तर एका रात्री दीड वाजता सापडला. मार्च १८३७, जेरेमियास, बाप थाडेउस सलिव्हन, आई ब्रिजिडा हॅरिंग्टन, वाडी तीच. म्हणजे वादळाच्या रात्री पावणेदोन वर्षांचा. हातात बटाटा धरण्याइतका! मी आनंदाने नवऱ्याला उठवलं. तो “उद्या” म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

दुसऱ्या दिवशी उगाच, भावंडं कोण होती बघावं म्हणून पुढची पानं चाळली. ३९ साली एक, ४१ला एक, ४३ला एक. आणि नोव्हेंबर १८४६ला पुन्हा जेरेमियास. तेच आईबाप, तीच वाडी.

इथली जुनी रीत आपल्यासारखीच आहे. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. नाव ठेवलेलं मूल गेलं तर ते नाव पुढच्याला द्यायचं, आजोबांचं नाव बुडू द्यायचं नाही. एका आईला दोन जेरेमियास, याचा अर्थ बहुधा एकच. पहिला गेला होता. मृत्यूची नोंद मात्र कुठेच नाही, पाद्री त्या काळी बाप्तिस्मे आणि लग्नं लिहीत, पुरल्याचं सहसा लिहीत नसत. आणि साल बघ, १८४६. बटाट्यावर रोग पडल्याचं दुसरं वर्ष, सगळं पीक जागच्या जागी काळं पडून कुजलं होतं. त्या हिवाळ्यात ते दुसरं पोर कसं जगलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून बरेच दिवस जाईना.

मग मी जनगणनेचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. १९०१ साली डार्बीचं वय ५२. (बायको १४ वर्षांनी लहान, तेव्हा दोनतीन वर्षं खाल्ली असतील, चालायचंच.) १९११ साली वय ७४. दहा वर्षांत माणूस बावीस वर्षांनी म्हातारा झाला!

हसू नकोस, असे हजारो आहेत. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरीच्या वरच्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झालं. लंडनच्या सरकारचा पैसा. जन्मदाखला कुणाकडेच नव्हता. मग वय सिद्ध कसं करायचं? एक तर पॅरिशमधून बाप्तिस्म्याचा दाखला आणायचा. नाहीतर साहेबासमोर सांगायचं, ‘मोठ्या वाऱ्याच्या रात्री मी स्वतःच्या हाताने बटाटा खात होतो.’ हे वाक्य देशभरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, इतकं की तो एक ठरीव पुरावाच झाला. आलं लक्षात? सासूबाईंच्या घरची गोष्ट त्यांच्या घरची नव्हतीच.

माझा तर्क असा, की डार्बीने पॅरिशमधून दाखला मागितला आणि वही उघडल्यावर वर आधी सापडला तो १८३७चा जेरेमियास. तो का बोलेल? ७४ हे वय त्या थोरल्याला बरोब्बर बसतं.

पण तर्क तो तर्क. पक्कं झालं ते तिसऱ्याच ठिकाणाहून. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना डीएनए चाचणीचा डबा भेट दिला होता. त्यात थुंकून त्या विसरूनही गेल्या. निकालात नातेवाईक म्हणून शेकडो सलिव्हन-हॅरिंग्टन, सगळेच सगळ्यांचे, उपयोग शून्य. पण त्यातल्या एक बाई अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या ब्यूट गावच्या निघाल्या. अ‍ॅलिहीजला तांब्याची खाण होती, १८१२ पासूनची. तिची धुगधुगी संपत आली तसे खाणकामगार आधी मिशिगनच्या आणि पुढे ब्यूटच्या तांब्याच्या खाणींत गेले. बेअराचं अर्धं गोत तिथे आहे. डार्बीची धाकटी बहीण नोरा (वहीत ऑनोरिया, १८४९) तशीच गेली आणि तिने ब्यूटला खाणकामगारांची खानावळ चालवली. या बाई तिची पणती.

मी त्यांना फक्त विचारलं, नोराच्या भावांबद्दल काही ऐकलंय का? १८३७चा उल्लेखही केला नव्हता. उत्तर आलं की नोरा पणजी रोज रात्री जपमाळेनंतर घरच्या मेलेल्यांची नावं घ्यायची आणि त्यात ‘धाकटा डार्बी’ आणि ‘लहानपणीच गेलेला डार्बी’ अशी दोन नावं असायची. घरच्यांना वाटायचं, म्हातारी घोटाळा करतेय.

गेल्या शनिवारी गेलो आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. मला धाकधूक होती. आजोबा खोटं बोलले, गोष्ट उसनी आणि वर मेलेल्या भावाचं वय, हे या वयात कुणाला ऐकवायचं? त्यांनी चहा तसाच थंड होऊ दिला. वहीतल्या दोन्ही ओळींचे छापील कागद भिंग लावून पाहिले. पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्या बराच वेळ बसल्या, आणि म्हणाल्या, “याचं नाव घेणारं तिकडे होतं तर कुणीतरी.”

मग विजेच्या बिलाचं पाकीट उलटं करून त्यावर आकडे मांडायला लागल्या. चाळीस वर्षं पोस्टात काउंटरवर काढलीत त्यांनी. १९०९चा जानेवारी ते नोव्हेंबर १९१६, जेव्हा आजोबा खरोखर सत्तरचे झाले. चारशे दहा आठवडे, आठवड्याला ५ शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड.

“१०२ पौंड १० शिलिंग,” त्या म्हणाल्या. पाकीट माझ्याकडे सरकवलं. “आणि तेही इंग्रजांकडून.”

ते पाकीट आता आमच्या फ्रिजवर लावलंय. मार्चमध्ये येते तेव्हा त्र्यंबकला जाऊ या का गं एकदा? तुमच्या उपाध्यांच्या वहीत आमच्याही घराण्याचं पान असेल, असं आई म्हणायची. भिंग मी आणते.

तुझीच,
बेबी