आईला आमवात म्हणून मुलीला नकार?

संपादक महोदय,

मला गेली अकरा वर्षं आमवात आहे, डॉक्टर लोक आरए, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. सकाळी बोटं वळत नाहीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, पण आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू आहे आणि घर नोकरी सगळं रेटतेय. यंदा मुलीचं जवळजवळ ठरलं होतं, पोहे देताना मुलाकडच्यांनी माझी बोटं बघितली, हे जीन्समधून येतं ना म्हणून विचारलं आणि चार दिवसांनी नकार कळवला.

जीन्सचा संबंध आहेच, ते मी नाकारत नाही. आमवातात शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. खरं तर आपल्या टी-सेल्सनी, म्हणजे त्या यंत्रणेतल्या पांढऱ्या पेशींनी, जंतूंशी लढायचं, आणि त्या आपल्याच अंगावर उलटू नयेत म्हणून त्यांच्यातल्याच काही पेशी बाकीच्यांना आवरून धरतात. या आवरणाऱ्या पेशी शोधल्या जपानच्या शिमोन साकागुचींनी, त्यांना २०२५ चं नोबेल मिळालं, सोबत या पेशी घडायला लागणारा फॉक्सपी३ हा जीन शोधणाऱ्या अमेरिकेच्या मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनाही.

याच साकागुचींच्या टीमने २००३ मध्ये एका जातीच्या उंदरांवर लिहिलं होतं, त्यांच्यात झॅप-७० या एकाच जीनमध्ये बिघाड असतो, त्यामुळे थायमस ग्रंथीतच, म्हणजे छातीतल्या ज्या ग्रंथीत टी-सेल्स तयार होतात तिथेच, बाद व्हायला हव्यात अशा टी-सेल्स निसटून बाहेर येतात आणि उंदरांचे सांधे थेट आमच्यासारखे सुजतात. पण तेच उंदीर एकदम स्वच्छ, रोगजंतू नसलेल्या जागेत वाढवले तर त्यांचे सांधे नीट राहतात, आणि बुरशीतला एक घटक टोचला की मग सुजतात. जीन तोच, बिघाड तोच!

माणसातही एचएलए-डीआरबी१ या जीनचे काही प्रकार असले तर धोका वाढतो, त्यात सिगारेट असेल तर आणखीनच वाढतो. तरी अगदी सारखे जीन्स असलेल्या जुळ्या बहिणींतसुद्धा एकीला आमवात झाला तर दुसरीला होतो तो शंभरात साधारण १२ ते १५ जणींना, मग माझ्या मुलीला होणारच हे या लोकांनी कशावरून ठरवलं?

तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या संधिवाततज्ज्ञाकडून हे साध्या भाषेत लिहून घ्या ही कळकळीची विनंती. मुलीचं लग्न जमेल कुठेतरी, पण त्या दिवसापासून ती रोज सकाळी उठल्या उठल्या स्वतःची बोटं दाबून बघते.

एक वाचक, सांगली