आई-बाबा, तिथे मी नक्की काय करतो

ती. बाबा आणि ती. आई,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "गोळी नाही, फारसं बोलणं नाही, मग त्या बाईंकडे जाऊन तू करतोस तरी काय?" मागून आईचा आवाज आला, "जाऊ द्या हो, त्याला बरं वाटतंय ना." गाडीच्या अपघाताच्या धक्क्यासाठी मी ज्या थेरपिस्ट बाईंकडे जातो, तिथलं फोनवर सांगायला गेलं की माझं मलाच हसू येतं, म्हणून लिहायला बसलो. बाबा, आधी तुमचा प्रश्न घेतो. आई, तुझ्या मनात दुसराच प्रश्न आहे, तो तू विचारलेला नाहीस. त्याकडे नंतर येतो.

अपघातानंतर हाड जुळलं, टाके निघाले, डॉक्टरांनी हिंडाफिरायची मोकळीक दिली. खरी कटकट त्यानंतर सुरू झाली. मागून हॉर्न वाजला की मान आखडते. दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसलो की उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत राहतो. "अरे, ब्रेक माझ्याकडे आहे!" असं बाबा एकदा म्हणाले आणि आपण तिघंही हसलो. पण तो पाय मी दाबत नव्हतो, तो दाबला जात होता. माझी अर्धी थेरपी त्या एका पायावरच चाललीय म्हणा ना.

धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग आपण विचार करायच्या आत इशारा देतो. ॲड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे धावतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1915 च्या सुमारास याचं वर्णन केलं: लढा किंवा पळा. यात तिसरी गोष्टही असते, ती म्हणजे जागच्या जागी थिजणं. सीटबेल्टमध्ये अडकलेल्या माणसाला लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. बहुतेकांचं शरीर काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्वपदावर येतं. काहींचं येत नाही, इशारा चालूच राहतो. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने 1980 साली पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा विकार, या नावाने याला अधिकृत आजारांच्या यादीत घेतलं. सैनिकांमुळे ते नाव गाजलं खरं, पण ते फक्त सैनिकांपुरतं नाही.

आधी मी नुसत्या बोलण्याची थेरपी करून पाहिली होती, तुम्हाला आठवत असेल. तिथे मी सगळा प्रसंग बातमी वाचावी तसा सांगायचो, आणि घरी आल्यावर रात्रभर छाती धडधडायची. मला सगळं कळत होतं, पण त्या कळण्याचा पायाला काही पत्ता नव्हता.

आता या बाईंकडे काय होतं ते सांगतो. सुरुवातीला अपघाताचं नावही निघत नाही. पाय जमिनीला टेकवायचे, टाचेवर भार किती आणि बोटांवर किती ते बघायचं. मग मान सावकाश वळवून खोली बघायची: खिडकी, दार, कपाटावरची धूळ. (धूळ खरंच असते, मी त्यांना सांगितलंही.) दार कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिलं की खांदे जरा खाली येतात. पहिल्यांदा मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटला होता.

मग प्रसंगाचा अगदी लहानसा तुकडा घ्यायचा. धडक नाही, तिच्या कितीतरी आधीचा सिग्नल. बाई विचारतात, "आत्ता शरीरात कुठे काय जाणवतंय?" मी म्हणतो, मांडी घट्ट झालीय. त्या म्हणतात, "तिथेच राहा, घाई नको." फार वाढायला लागलं की त्या मला दुसरीकडे नेतात, जिथे काही दुखत नाही तिथे. माझे तळवे बहुधा उबदार असतात, म्हणून तळव्यांकडे. थोडा वेळ तिथे, मग परत मांडीकडे. असं हेलकावे घेत जायचं. एकदम खोल पाण्यात ढकलत नाहीत.

एके दिवशी त्यांनी पायाखाली जाड उशी ठेवली आणि म्हणाल्या, "पायाला जे करायचंय ते करू दे, पण अगदी हळू." मी उशी दाबली. इतकी हळू की बघणाऱ्याला काही हललेलं दिसलंही नसतं. मांडी थरथरायला लागली. मला वाटलं, थंडी वाजतेय. ती थरथर पोटापर्यंत आली, मग एक लांबलचक जांभई आली, डोळ्यांतून पाणी आलं आणि पाय ढिला पडला. रडू म्हणावं तर दुःख असं काही झालं नव्हतं. त्या रात्री गाढ झोप लागली. नंतरच्या रात्री पुन्हा नेहमीसारख्या गेल्या, उगाच चमत्कार सांगत नाही. पण आता गाडीत तो पाय पूर्वीइतका दाबला जात नाही, आणि दाबला तरी माझ्या लक्षात येतं.

या पद्धतीचं नाव सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग. पीटर लिव्हाइन यांनी 1970 च्या दशकापासून ती विकसित केली. त्यांचं म्हणणं असं की अर्धवट राहिलेली बचावाची हालचाल शरीरात अडकून बसते, आणि ती सुरक्षित जागी, सावकाश पुरी होऊ दिली की ताण उतरतो. बाबा, इथे तुमची भुवई वर गेली असणार. रास्त आहे. हा सिद्धांत आहे, तो पक्का सिद्ध झालेला नाही. 2017 साली इस्रायलमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात पीटीएसडी असलेली 63 माणसं होती आणि उपचार 15 आठवडे चालला. लक्षणं बरीच कमी झाली, पण तुलना केली होती ती नुसती वाट बघणाऱ्यांशी, दुसऱ्या उपचाराशी नाही. आघातानंतर शरीराकडे लक्ष देत करायच्या योगाचाही 2014 मध्ये असाच अभ्यास झाला, 64 स्त्रियांवर. 10 आठवड्यांनी योग करणाऱ्यांपैकी 52 टक्के जणी पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हत्या, योग न केलेल्या दुसऱ्या गटात 21 टक्के. उमेद वाढवणारे आकडे आहेत, पण माणसं थोडी. जास्त पुरावा आहे तो आघातावर नेमका रोख असलेल्या विचार-वर्तन उपचाराला (त्यात विचारांची आणि वागण्याची घडी बदलत नेतात) आणि ईएमडीआरला. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये या दोन्हींची शिफारस केली आहे. माझ्या बाई दोन्हींबद्दल मोकळेपणाने बोलतात, आणि इथे अडलं तर तिकडे वळायचं हे आमचं ठरलेलं आहे. म्हणून तर माझा त्यांच्यावर विश्वास बसला. "शरीरातला आघात एका दिवसात बाहेर काढतो" असं म्हणणाऱ्यांकडे मी फिरकलोही नसतो. घाईने ढवळलं तर माणूस आणखी बिघडू शकतो.

तुम्हाला स्वतः करून बघायला एक गोष्ट देतो. मनगटावर नाडी धरा आणि श्वास नेहमीपेक्षा सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. हे मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचं काम. वयाबरोबर हा फरक कमी होतो, त्यामुळे तुम्हाला तो नीट लागला नाही तर मला खोटं ठरवू नका. हॉर्न वाजल्यावर मी हळूच श्वास सोडतो तो याचसाठी, वैतागून उसासा टाकतो असं समजू नका.

आता आई. तुला वाटतंय की तिथे बसून मी लहानपणापासूनचं सगळं उकरतो आणि खापर शेवटी तुमच्यावर फुटतं. तसं काही होत नाही. काहींच्या बाबतीत घरच्या जखमा असतात, त्यांना ते बोलावंही लागतं. माझं तसं नाही. उलट बाईंनी विचारलं, "त्या दिवसांत शरीराला बरं कधी वाटलं होतं?" तेव्हा मला आठवलं ते हॉस्पिटलमधलं: तू काही न बोलता माझ्या पायथ्याशी बसली होतीस, एक हात माझ्या डाव्या घोट्यावर. आवरायला कठीण जातं तेव्हा मी कितीदा तरी त्याच घोट्याकडे लक्ष नेतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. मला झोपेतून हलवून उठवू नका, दारातूनच नावाने हाक मारा. आणि मी मध्येच गप्प झालो तर "काय झालं, काय झालं" असं विचारत बसू नका. समोर काय दिसतंय ते विचारा, मी उत्तर देता देता परत येतो. "विसर आता" म्हणणाऱ्या काकांना बाबांनीच काय ते सांगावं, माझ्याच्याने होणार नाही.

आणि आई, अपघाताचा फोन तू उचलला होतास. तेव्हापासून रात्री फोन वाजला की तुझ्या पोटात गोळा येतो, हे बाबांनी मला सांगितलंय. त्यांना रागावू नकोस. बाई म्हणाल्या की नुसतं ऐकलेल्या बातमीनेही असं होतं, आणि त्यासाठी तूही कुणाकडे तरी जायला हरकत नाही. आग्रह नाही. तोवर मी रात्री उशिरा फोन करणार नाही, आणि करावाच लागला तर आधी बाबांच्या फोनवर मेसेज टाकीन.

तुमचा,
बाळ