सहा डिस्कचा सर्व्हर, चार डिस्क गायब: पैसे परत करण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज सकाळचा फोन सातवा. मॉडेल काय, बिल कधीचं, हे आता सांगत नाही. तुम्ही ते सहा वेळा लिहून घेतलंय.

खरेदीआधी तुमच्या दुकानात उभं राहून मी विचारलं होतं, की सर्व्हरसाठी रिफर्बिश्ड झिऑन प्रोसेसरचा, ईसीसी मेमरीवाला (मेमरीतल्या चुका आपोआप दुरुस्त करणारा) जुना डबा घेऊ की एन१०० प्रोसेसरचा नवा? तिथंच मीटर लावून पाहिलं. डिस्क न लावता जुना ४५ वॅट खात होता, नवा १०. चोवीस तास चालणाऱ्या यंत्राला ३५ वॅटचा फरक म्हणजे वर्षाला ३०७ युनिट. तेवढ्यासाठी ईसीसीवर पाणी सोडायची माझी तयारी होती. फक्त एक शंका होती. एन१०० ला पीसीआयई लेन, म्हणजे प्रोसेसरकडून बाकी भागांकडे जाणाऱ्या डेटाच्या वाटा, मुळात नऊ, मग सहा डिस्क जोडल्यात कशा? तुमचा माणूस म्हणाला, "सगळे पोर्ट डायरेक्ट आहेत काका, बिनधास्त घ्या."

घरी डबा उघडला. दोन पोर्ट सरळ बोर्डावर. उरलेले चार एका हिरव्या कार्डावर, आणि त्या कार्डातून बोर्डाकडे जाणारी साटा वायर (डिस्क जोडायची) एकच! पोर्ट मल्टिप्लायर, म्हणजे एका पोर्टाचे चार करणारं कार्ड. चार डिस्कना मिळून ६ गिगाबिटची एक वाट. साधी फाइल कॉपी होते, पण स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) सुरू झालं आणि एक डिस्क जरा अडखळली की चारही एकदम गायब. मी डिस्क रेडझेड२ पद्धतीनं जोडल्यात, ती दोन डिस्क गेल्या तरी तग धरते. चार गेल्यावर पूल, म्हणजे सगळ्या डिस्कचा मिळून एक साठा, बंद पडतो, हे तुम्हाला ठाऊक असणारच, तुम्हीच तर विकता.

आजचा संवाद जसाच्या तसा देतो.

"मल्टिप्लायर म्हणजे गुणाकार ना सर? मग स्पीड वाढायला पाहिजे."
मी म्हटलं, भागाकार होतोय.
"मग दोनच डिस्क लावून बघा."
मी सहा डिस्कचा डबा घेतलाय.
"बाकीच्या चार कपाटात ठेवा ना सर, तिथं सेफ राहतील."

अकरा मिनिटं बासरी ऐकवलीत. मग 'सीनियर' आले आणि म्हणाले, "एवढं सगळं कळत होतं, तर जुनाच घ्यायचा ना सर."

अहो, तेच विचारायला आलो होतो! दुकानात उभं राहून तेच विचारलं होतं! आता तो जुना विकला गेला म्हणे. ईसीसी गेली, चार डिस्क गेल्या, हाती धुपाटणं.

२००९ साली तुमच्याकडून घेतलेला यूपीएस दोनदा बॅटरी बदलून आजही चालतोय. म्हणूनच परत तुमच्याकडे आलो होतो. ते माझंच चुकलं.

आठ दिवसांत पूर्ण पैसे परत करा, नाहीतर सहाही पोर्ट खरोखर सरळ असलेला डबा द्या. जुना चालेल, नवा चालेल. नाहीतर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंत तिथं शुल्क नाही, वकीलही लागत नाही, आणि मी निवृत्त माणूस आहे, वेळच वेळ आहे.

डबा मूळ खोक्यात भरून ठेवलाय. ती एक वायर उघडल्याबरोबर दिसेल अशी वर ठेवली आहे.

आपला ग्राहक (अजून तरी),
कोथरूड, पुणे