लॅबवाल्या दादांना, चौथीच्या बाईंकडून

दादा,

तुम्ही येऊन गेलात त्याला आठ दिवस झाले. खिडकीतली काचेची पेटी तिथंच आहे. पाणी आणखी हिरवं झालंय, पण 'बाई, हे तळ्याचं घाण पाणी फेकून द्या' असं आता कुणी म्हणत नाही.

आमच्या अंबाजोगाई तालुक्यात मायक्रोस्कोप नाहीत असं नाही. तुमच्याआधी मी दोन दारं वाजवली होती. एकीकडे तो कपाटात, आणि चावी रजेवर गेलेल्या माणसाकडे. दुसरीकडे 'खेड्यातली लेकरं, काच फोडतील' असं तोंडावर ऐकवलं. तिथल्या मायक्रोस्कोपवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. असो. तुमचा तर रोज मलेरियाच्या काचपट्ट्या बघणारा, पोटापाण्याचा. तो तुम्ही गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवर आणलात, शनिवारची सकाळ लॅब बंद ठेवून.

पॅरामिशियम, म्हणजे तो एकाच पेशीचा इवलासा जीव, नजरेत ठरेना म्हणून तुम्ही थेंबात कापसाचे चार धागे सोडलेत. त्यांत ते घुटमळू लागलं. डॅफ्नियाच्या, म्हणजे पाणपिसूच्या, आरपार दिसणाऱ्या अंगात काळीज धडधडताना पाहून पोरांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवले. सायक्लोप्स हा पाण्यातला बारीक जीव दाखवून तुम्ही म्हणालात, नारू, म्हणजे पायातून बाहेर पडणारा तो लांब जंत, याच्याच पोटातून माणसात यायचा, बारवेचं पाणी गाळून न पिणाऱ्यांना. एका पोरानं घरी जाऊन आजीला सांगितलं, तर तिनं पोटरीवरचा जुना वण दाखवला! 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. वण काही गेला नाही.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही.

रांगेतली शेवटची पोर. बाकी सगळे 'दिसलं, दिसलं' ओरडून गेलेले. ती डोळा लावून उभी, आणि हळूच म्हणाली, 'मला काळ्या काड्याच दिसतात.' पोरं हसली. मी सोळा वर्षं शिकवते दादा, खरं सांगते, 'नीट बघ' हेच माझ्या ओठांवर आलं होतं. तुम्ही मात्र तिच्या उंचीला गुडघ्यावर बसलात. 'त्या तुझ्या पापण्या आहेत. मलाही पहिल्यांदा पापण्याच दिसल्या होत्या. आता जराशी मागं हो.' ती मागं झाली. मग कितीतरी वेळ काहीच बोलली नाही, आणि मागं नंबर नसल्यानं तुम्हीही तिला उठवलं नाही.

नंतर दोन पोरांनी कबूल केलं की त्यांनाही पापण्याच दिसल्या होत्या, लाजेनं 'दिसलं' म्हणाले. त्यांच्यासाठी तुम्ही पुन्हा थेंब ठेवलात, चहा गार होऊ दिलात. 'नाही दिसत' म्हणणाऱ्याला खोटं न पाडणारी माणसं ऑफिसात, दवाखान्यात, शाळेतही कमीच भेटतात.

तिनं वहीत चित्र काढलंय. गोल, आत चपलेच्या तळव्यासारखं पॅरामिशियम, आणि गोलाच्या कडेनं काळ्याभोर पापण्या. वही पाठवत नाही. चहा प्यायला या, तेव्हा तीच दाखवणार म्हणते.



तुमची,
चौथीच्या बाई